बासष्टावं प्रकरण

"आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" पर्निलाने विचारलं. खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाईंनी त्या जड लोखंडी चौकटीतून डोळे ताणले, भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं आणि दिवसभरात निम्मी माणसं देतात तेच उत्तर दिलं. "सारखंच दिसतंय गं." पर्निलाने एक भिंग काढून दुसरं बसवलं. तेवढ्यात भिंगांच्या पेटीशेजारी पालथा ठेवलेला मोबाइल थरथरला. कामाच्या वेळी तो बघायचा नाही, हा तिचा स्वतःचाच नियम. पण बाई डोळे पुसायला थांबल्या आणि तिने तो उलटा केला. लिंगॉन नावाच्या वाचकाचं पत्र होतं. पाच वर्षं ही लिंगॉन साइटवरच्या तिच्या कथेच्या प्रत्येक प्रकरणाखाली पसंतीचा एक लाल बदाम ठेवून निघून जायची, शब्द म्हणून कधी टाकला नव्हता. आज लिहिलं होतं ते असं: "या आठवड्यात मी आजारी होते, म्हणून तुझी एकसष्टच्या एकसष्ट प्रकरणं परत सलग वाचून काढली. सलग वाचायला नको होती. इर्या सात वेळा बॅग उचलते, आणि सातही वेळा काहीतरी होतं. माल्कमला ताप येतो. वादळ येतं. इंजिन बंद पडतं. नाताळ येतो. तू तिला एकदाही ठरवू देत नाहीस. पहिल्या प्रकरणात होती तेवढीच आहे ती, एका दिवसानेही मोठी झालेली नाही. रागावू नकोस. मी लुलिओला राहते, गोठत चाललेला समुद्र खिडकीतून बघते, आणि मला वाटतं, हे लिहिणाऱ्या बाईला भीती वाटते."

"काही वाईट बातमी का गं?" म्हाताऱ्या बाईंनी विचारलं. एवढं मात्र त्यांना भिंगाशिवाय स्वच्छ दिसलं होतं. "छे, छे," पर्निला म्हणाली, आणि तिने चुकून आधीचंच भिंग परत बसवलं. बाई म्हणाल्या, हे सगळ्यात छान आहे. तिला वाद घालायचं त्राण नव्हतं. कुणीतरी न विचारता आपल्या घरात शिरून कपाट उघडावं, आणि आतले कपडे नीट घडी घातलेले आहेत हेच त्याने चूक म्हणून दाखवावं, तसा तिला राग आला होता. रागाच्या खाली भीतीही होती. त्या भीतीचं कारण मोबाइलच्या दुसऱ्या खिडकीत होतं, आणि त्याला दुपारी तीनची मुदत होती.

ते घर कोर्तेदालाला होतं. तिसरा मजला, दीड खोली, अडतीस चौरस मीटर. गोथेनबर्गमध्ये भाड्याच्या घरासाठी माणूस रांगेत नाव घालतो आणि मग म्हातारा होतो. पर्निलाच्या रांगेतल्या दिवसांचा आकडा दोन हजार एकशे बारा झाला होता. मंगळवारी ती ते घर बघून आली. आधीच्या भाडेकरूने भिंतीवर एक खुंटी तेवढी मागे ठेवली होती, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखालची फळी एका कपापुरती रुंद होती. खाली भूर्जाची तीन झाडं. ती त्या रिकाम्या खोलीत उभी राहिली तेव्हा तिला पहिल्यांदा स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू आला, आणि तो ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. एवढ्याने तिला रडू फुटेल असं वाटलं होतं. गुरुवारी तीनपर्यंत "होय, घेते" या हिरव्या चौकोनावर बोट ठेवायचं, सहीचे सहा आकडे दाबायचे, संपलं. ट्राममधूनसुद्धा करता आलं असतं. मंगळवारी तिथल्या जिन्यातच करता आलं असतं.

सव्वाबाराला दुकानातून निघून ती ट्राममध्ये बसली. गुरुवारी तिची अर्धीच पाळी असायची, कारण गुरुवार लिहिण्याचा. नोव्हेंबरची ओल काचांवर साचली होती आणि डब्यात भिजलेल्या लोकरीचा वास होता. तिने पत्र पुन्हा वाचलं. पुन्हा वाचल्यावर ते मऊ होईल असं तिला वाटत होतं, ते झालं नाही. सात वेळा, म्हणे. तिने मनातल्या मनात मोजलं. खरंच सात.

ही सगळी कथाच मुळात तिची नव्हती. टीव्हीवर पूर्वी एक मालिका लागायची, बर्फ फोडत फिरणाऱ्या एका बोटीची. कप्तान माल्कम आणि त्याची नकाशे बघणारी फिनलंडची इर्या. तुवा, तिची लेक, तेव्हा बारा वर्षांची होती, आणि दर रविवारी दोघी एका पांघरुणात पाय घालून ती बघायच्या. दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या भागात इर्या बॅग घेऊन शिडीच्या तोंडाशी उभी राहते. माल्कम ओरडत नाही, हात धरत नाही, फक्त म्हणतो, "आधी काहीतरी खाऊन घे." आणि पडदा काळा. पुढचं वर्ष आलंच नाही, मालिका बंद पडली. देशभरातली काहीशे माणसं त्या काळ्या पडद्यापुढे अडकून बसली आणि आपापल्या परीने पुढचं लिहू लागली. आधी तुवा लिहायची, चार-चार ओळींचं, भरपूर चुंबनांचं. मग तुवा पंधराची झाली, तिला खरी मुलं भेटली, आणि तिने आईला साइटवरचं खातं देऊन टाकलं, लहान झालेला स्वेटर द्यावा तसं. पर्निलाने लिहायला घेतलं ते आजतागायत. पूर्वी वेळ मिळेल तसं, अलीकडे दर गुरुवारी. त्या मंडळींत अशा कथेला मंद आचेची कथा म्हणतात. दोन माणसं जवळ येत राहतात, पोचत नाहीत, वाचणारे जीव मुठीत धरून बसतात. पर्निलाइतकी मंद आच कुणालाच जमत नाही, असं सगळे म्हणायचे. तिला त्याचा अभिमान होता. मागच्या वर्षी तिच्या माल्कमला सगळ्यांत खरा माल्कम म्हणून कौल मिळाला होता.

खरा असणारच. त्याची वाक्यं तुवाच्या बापाची, होकानची होती. "तुझे मोजे हीटरवर टाकलेत." "रस्त्यावर घसरडं आहे, दुसरे बूट घाल." "तू झोप, मी बघतो." वाचणाऱ्या बायका खाली लिहायच्या, असा पुरुष असतो कुठे? पर्निला ते वाचताना भिंतीपलीकडून त्याच पुरुषाचं पान उलटल्याचा आवाज यायचा. ती भिंतही त्यानेच घातली होती. सहा वर्षांपूर्वी, एका रविवारी, दालचिनीचे पाव आणून, तुवाला समोर बसवून दोघांनी सांगितलं होतं की आम्ही वेगळे होतोय. कुणी रडलं नाही. भांडण नव्हतंच, कधीच नव्हतं. नुसता स्पर्श संपला होता, साबणाची वडी संपते तसा, कुणाच्या ध्यानात न येता. वेगळं व्हायचं तर दुसरं घर हवं, आणि दुसरं घर म्हणजे रांग. म्हणून होकानने बैठकीच्या खोलीत प्लास्टरच्या तक्त्यांची भिंत उभी केली. लेव्हल लावून, अगदी सरळ. तिला पलीकडची खिडकीची बाजू दिली. "तात्पुरतं आहे," तो म्हणाला होता. भिंतीला त्याने नंतर रंगही दिला, तिला आवडणारा. तू कधी जाणार, हे या सहा वर्षांत त्याने एकदाही विचारलं नाही. एकदा जरी विचारलं असतं, खडसावून, तर ती त्याच संध्याकाळी मैत्रिणीकडे जाऊन जमिनीवर झोपली असती. पण तो मोजे हीटरवर टाकायचा. या चांगुलपणाबद्दल ती त्याचा द्वेष करायची, मनापासून, आणि मग त्या द्वेषाची लाज वाटून त्याच्यासाठी त्याच्या आवडीचं चीज आणायची.

मोबाइल वाजला. तुवा होती, शिकायला गेली होती त्या ऊमिओहून.

"मम्मा, उत्तर दिलंस का?"

"देते ना. घरी जाऊन देते."

"घरी जाऊन कशाला? हातात फोन आहे की."

"ट्राममध्ये आहे गं. माणसं आहेत."

"माणसं तुझं बोट बघणार आहेत का?" तुवा हसली, मग हसायची थांबली. "मम्मा, पहिलं घर मिळत होतं तेव्हा पप्पाचा मूतखडा होता. दुसऱ्या वेळी मी रडत घरी आले होते. त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही, माहितेय? तिसऱ्या वेळी नाताळ. या वेळी काय आहे?"

"काही नाही. या वेळी काहीच नाही."

"मग दाब. पप्पा मरत नाही. मी आणि तो बोलतो याच्यावर, तुला काय वाटलं?"

"काय बोलता?"

"ते तू त्याला विचार. आणि ऐक, आज गुरुवार आहे म्हणून बोटीवर चढून बसू नकोस. तीनच्या आधी तर मुळीच नाही. प्रॉमिस?"

"अगं हो बाई," पर्निला म्हणाली. तिला ओशाळल्यासारखं झालं. मूतखडा, लेकीचं रडणं, नाताळ. ताप, वादळ, नाताळ. हे आपण आयुष्यातून उचलून कथेत टाकलं, असं म्हणायलाही सोय नव्हती, कारण नाताळचं प्रकरण तिने आधी लिहिलं होतं, ऑक्टोबरात. घराला नकार दिला तो डिसेंबरात. म्हणजे तिने नकाराची तालीम केली होती, आणि खाली एकशे चाळीस बदाम मिळाले होते. इर्याला बोटीवर डांबून ठेवायला किती युक्त्या लागल्या होत्या! इतकी वर्षं तिला वाटायचं की आपण इर्याला जपतोय. ट्राम बोगद्यातून बाहेर आली, काचेतलं तिचं तोंड पुसलं गेलं आणि त्या जागी ओली झाडं दिसू लागली.

दार उघडलं तेव्हा थाइमचा आणि वाटाण्याच्या सुपाचा वास आला. गुरुवारी वाटाण्याचं सूप, मग पॅनकेक. होकानच्या आईकडे तसं होतं, शाळेत तसं होतं, लष्करात तसं होतं, आणि या घरात तसं होतं. होकान स्वयंपाकघरात जमिनीवर उताणा पडला होता, पाय खुर्चीवर. तिच्या काळजात चर्र झालं, आणि त्याच क्षणी, हे तिला नंतर कधीच नाकारता आलं नाही, अंगातून सुटल्यासारखी एक ऊब गेली. आलं. इर्याच्या सातांनंतर हे आठवं.

"पाठ धरलीय," तो छताकडे बघत आनंदाने म्हणाला. "भांडं उचलायला गेलो आणि कट्‌कन. घाबरू नकोस, डॉक्टरांशी बोललो फोनवर. पडून राहा म्हणाले, संध्याकाळपर्यंत सुटेल. सूप झालंय. सुपात कालवायची मोहरीची पेस्ट संपत आलीय, यादीत लिहिलीय मी."

"मी थांबते ना घरी. उद्याही सुट्टी घेते."

"कशाला? मला काही झालेलं नाही. इथून छान दिसतं, बघ. टेबलाखाली तुवाने लहानपणी चिकटवलेलं च्युइंगगम आहे अजून." त्याने मान थोडी वळवली. चष्म्याशिवाय त्याचे डोळे लहान आणि उघडे वाटायचे. तो चष्मा तिनेच बसवून दिलेला. "मंगळवारी तू कोर्तेदालाला उतरलीस म्हणे. शेजारच्या लेनार्तने पाहिलं ट्राममधून."

ती कोटाच्या बटणाशी थांबली. सहा वर्षं जिची वाट पाहिली ती चौकशी आता होणार, असं तिला वाटलं. त्याने विचारावं. त्याने म्हणावं, जा, किंवा नको जाऊस, काहीही एक.

"चांगला भाग आहे तो," होकान म्हणाला. "झाडं आहेत." मग म्हणाला, "जायचं असेल तर जा गं, पर्निला. माझ्यासाठी अडू नकोस. फक्त आधी काहीतरी खाऊन घे."

ती मालिका त्याने कधी पाहिली नव्हती. रविवारी तो इमारतीच्या तळघरातल्या, सगळ्यांच्या सामायिक धुण्याच्या खोलीत असायचा, तेव्हाची पाळी नेहमी त्याच्याच नावावर लागलेली असायची. हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं, बहुतेक त्याच्या आईचं. पर्निलाला हसू आलं. त्याने दार सताड उघडलं होतं आणि दारातच पान वाढलं होतं. तिने ताट घेतलं. सूप गरम होतं, मोहरी नाकात गेली, डोळ्यांत पाणी आलं ते मोहरीचंच म्हणता आलं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. जमिनीवरून होकानने विचारलं, मीठ बरोबर आहे का, आणि ती म्हणाली, बरोबर आहे.

एक वाजून चाळीस मिनिटांनी ती भिंतीच्या आपल्या बाजूला येऊन बसली. संगणकावर दोन पानं उघडी होती. एकावर हिरवा चौकोन, एकावर बासष्टाव्या प्रकरणाचं कोरं पान. आधी चौकोन, तिने स्वतःला बजावलं. मग वाटलं, घाईत आकडे चुकतील. मग एक विचार आला, आणि तो इतका शहाणा वाटला की तिला तो थेट लिंगॉनकडून आल्यासारखा वाटला. आधी इर्याला जाऊ दे. जायचं कसं ते एकदा लिहून बघितलं की कळेल. इर्या गेली की आपण जाऊ. सव्वा तास आहे, अर्ध्या तासाचं काम.

आणि ती लिहू लागली. मुद्दाम हवा स्वच्छ ठेवली. माल्कमला धडधाकट ठेवलं, इंजिन तेलपाणी करून चालू ठेवलं. महिना घेतला मार्च, ज्या महिन्यात कसलाच सण नाही. इर्याने बॅग उचलली. माल्कम म्हणाला, "आधी काहीतरी खाऊन घे." पर्निलाची बोटं थांबली. एकसष्ट प्रकरणांत इर्या या वाक्याला नेहमी बसून खायची. आता इर्या म्हणाली, "नको. भूक नाही." ते वाक्य पडद्यावर उमटलं तेव्हा पर्निलाच्या तोंडात अजून मोहरीची चव होती. तिने लिहिलं, की माल्कम वाईट माणूस नव्हता, आणि हे इर्याला माहीत होतं, आणि तरीही ती शिडी उतरली. लिहिलं, की कुणीतरी वाईट असल्याशिवाय निघता येत नाही असं तिला वाटत आलं होतं, आणि ती कुणीतरी वाईट होण्याची वाट बघत राहिली होती. हे तिला आधी माहीत नव्हतं, लिहिताना कळलं. गाल तापले. इतक्या वर्षांत इतकं चांगलं ती कधी लिहू शकली नव्हती, आणि हेही तिला कळत होतं. इर्या बर्फावर उतरली. तिच्या पावलांचा आवाज तिला एकटीलाच ऐकू येत होता.

तिने घड्याळ पाहिलं तेव्हा दोन वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. अजून अठरा आहेत, ती मनाशी म्हणाली. पण इर्या बर्फाच्या मध्यावर होती, मागे बोट, पुढे अजून न दिसलेला किनारा. तिला तिथे तशी सोडून उठायचं कसं? थोडं तर राहिलंय. भिंतीपलीकडे होकान कण्हला, उठायचा प्रयत्न करत असावा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इर्या चालत राहिली. दोन छप्पन्न. दोन अठ्ठावन्न तिने नीट पाहिलं, आकडे मोठे आणि स्वच्छ होते, कुठल्याही भिंगाची गरज नव्हती. हात मोकळे होते. कुणी आजारी नव्हतं. तिने पुढचं वाक्य लिहिलं. किनाऱ्यावर इर्याने बॅग खाली ठेवली, कुणाला हाक मारली नाही, कुणाची वाट पाहिली नाही. तीन वाजून चार मिनिटांनी पर्निलाने प्रकरण साइटवर टाकलं.

बदाम येऊ लागले, तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे. कुणी लिहिलं, "मी ऑफिसात रडतेय." कुणी लिहिलं, "शेवटी! शेवटी!" मध्येच घराच्या रांगेच्या कचेरीची मेल आली. आपलं उत्तर वेळेत न आल्यामुळे घर रांगेतल्या पुढच्या व्यक्तीला देण्यात येत आहे. काळजी नसावी, आपले रांगेतले सर्व दिवस शाबूत आहेत. तिने ती दोनदा वाचली. रडू आलं नाही. भिंतीवर तिच्या आवडीचा रंग होता, त्यावर दुपारचा उजेड पडला होता आणि उतरत होता. मग लिंगॉनचं आलं, दोनच ओळी. "गेली ती. आता तू."

पर्निलाने बासष्टावं प्रकरण पुन्हा उघडलं. शेवटच्या शब्दापुढे ती रेघ उघडझाप करत होती. काही अवघड नव्हतं. बर्फाला एक तडा. मागून एक हाक. तिला अचानक इर्याचा इतका हेवा वाटला की दात आवळले गेले. मी इथे, आणि ती एकटीच किनाऱ्यावर! आणि तिला तिथे पोचवलं कुणी? तिने लिहिलं, "तेवढ्यात मागून". दोन शब्दांकडे ती बराच वेळ बघत राहिली. कुठल्याही क्षणी वादळ येऊ शकत होतं, आणि सगळे परत बोटीवर, उबेला, जेवायला.

"पर्निला!" भिंतीपलीकडून होकान म्हणाला. "बसता येतंय मला आता. पॅनकेकचं पीठ तेवढं ढवळतेस का? वाकता येत नाही."

"आले," ती म्हणाली.

तिने ते दोन शब्द खोडले, आधी एक, मग दुसरा. इर्याला किनाऱ्यावर राहू दिलं. संगणक मिटला आणि स्वयंपाकघरात गेली. होकान खुर्चीत ताठ बसला होता, पाठीशी उशी घेऊन. तिच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. दूध, अंडी, पीठ त्याने आधीच टेबलावर काढून ठेवलं होतं. तिने भांडं पोटाशी धरलं आणि गुठळ्या मोडू लागली.

"किती करू?" तिने विचारलं.

"नेहमीइतकेच," होकान म्हणाला.